गांडूळखत आणि कंपोस्ट घेताना: पोत्यात नेमकं काय आहे ते कसं ओळखावं

गांडूळखत किंवा कंपोस्ट घेताना बहुतेक जण रंग पाहतात, भाव विचारतात आणि पोतं गाडीत टाकतात. रंगावरून फारसं काही कळत नाही. आपल्याकडे काळी माती मुबलक आहे, साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) काळसर असतो आणि कोळशाची भुकटीही काळीच. यातलं काहीही मिसळलं तरी खत काळंभोर दिसतं. पाहायच्या गोष्टी दोन आहेत: खत पूर्ण मुरलं आहे का, आणि आपण पैसे खताचे मोजतोय की त्यातल्या पाण्याचे आणि मातीचे. पुढच्या जवळजवळ सगळ्या चाचण्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत आणि त्यातल्या बहुतेक घरी करता येतात.

कोणतं खत कशासाठी

कंपोस्ट आणि गांडूळखत ही एकाच कामाची दोन नावं नाहीत. नीट रचलेला कंपोस्टचा ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ही उष्णता काही दिवस टिकली आणि ढीग वरखाली केला गेला, तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. गांडुळांना मात्र ३५ अंशांच्या पुढचं तापमान सोसत नाही, म्हणून त्यांचा बेड, म्हणजे खत तयार होतं तो थर, थंडच ठेवावा लागतो. त्यामुळे शेण-काडीकचरा आधी १५ ते २० दिवस कुजवून, त्यातली उष्णता निघून गेल्यावर बेडवर टाकला नसेल, तर गांडूळखतातून गाजरगवताचं बी थेट तुमच्या वाफ्यात येतं. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: बेड भरण्याआधी शेण किती दिवस कुजवता? 'ताजं शेणच टाकतो' असं उत्तर आलं तर पुढची तणाची चाचणी केल्याशिवाय मोठी खरेदी करू नये.

दुसरा फरक पैशाचा. १ टक्का नत्र (नायट्रोजन) असलेल्या, २५ टक्के ओलाव्याच्या ५० किलोच्या पोत्यात कोरडा माल ३७.५ किलो आणि नत्र फक्त ३७५ ग्रॅम असतं. तेही सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. म्हणून जमिनीची भूक गांडूळखताने भागवायला जाऊ नये. भर द्यायला चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट वापरावं. गांडूळखत रोपांच्या मिश्रणात, लागवडीच्या खड्ड्यात आणि कुंडीच्या वरच्या थरात द्यावं. तिथे थोडकं खत मुळांच्या अगदी जवळ पडतं आणि त्याची किंमत वसूल होते.

नाडेप खताबद्दल एक गैरसमज दिसतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं या पद्धतीला मिळाली. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या हौदात सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि तब्बल १७०० किलोच्या आसपास कोरडी चाळलेली माती थराथराने भरतात. म्हणजे त्यात माती मुळातच भरपूर असते. नाडेप जड लागलं म्हणून भेसळ समजू नये, पण त्याला गांडूळखताचा भावही देऊ नये.

शहरांत आता सोसायट्यांच्या यंत्रांतून निघालेलं '२४ तासांत तयार कंपोस्ट' मिळतं. ते कंपोस्ट नसतं. यंत्र ओला कचरा तापवून, सुकवून बारीक करतं. कुजण्याची क्रिया मागेच राहते. हा तपकिरी भुसा कुंडीत घालून पाणी दिलं की तो पुन्हा तापतो, बुरशी धरतो, वास मारतो, आणि त्यात शिजवलेल्या अन्नाचं मीठही असतं. फुकट मिळत असेल तर जरूर घ्या, पण थेट झाडाला न घालता सुक्या पानांबरोबर निम्मे-निम्मे मिसळा, ओलसर ठेवा आणि वास व ऊब पूर्ण जाईपर्यंत कुजवा. त्याला निदान महिना-दीड महिना द्यावा.

घेण्याआधी, जागेवर

शक्य असेल तर खत जिथे तयार होतं तिथे जावं. बेड सावलीत आहेत का, वर गोणपाट किंवा पाचट झाकलं आहे का, खालून सांडणारं पाणी कुठे जातं, हे पाच मिनिटांत दिसतं. तयार खताचा ढीग उन्हात काँक्रीटवर पसरलेला असेल तर त्यातलं जिवाणूंचं बळ बरंचसं गेलेलं असतं. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत स्पष्ट ऊब लागली तर ते अजून कुजतं आहे. थर्मामीटर असेल तर बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त फरक म्हणजे माल कच्चा. ही परीक्षा मोठ्या ढिगातच खरी ठरते. पोत्यात भरल्यावर कच्चा मालही थंड लागू शकतो.

कच्चा माल कशाचा, हे नेमकं विचारावं. गाई-म्हशीचं शेण आणि काडीकचरा असेल तर काळजी सर्वांत कमी. प्रेसमडचं खत चांगलं असतं, पण काही ठिकाणी तो डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर, म्हणजे स्पेंटवॉशवर कुजवतात आणि त्यात क्षार चढतात. कोंबडीखत नत्राने जोरदार असतं, पण अर्धवट कुजलं तर अमोनियाने मुळं जाळतं. शहरी कचऱ्याच्या खतात काच, प्लास्टिकचे तुकडे आणि जड धातू यांची शंका घ्यावी लागते. भाजीपाल्यासाठी ते घ्यायचं तर ताज्या तपासणी अहवालाशिवाय घेऊ नये.

पोत्यात जिवंत गांडुळं वळवळताना दिसली की ग्राहक खूश होतो. गांडुळं दिसणं ही खताच्या दर्जाची खूण नाही. मुरलेल्या खतात त्यांना खायला फारसं उरत नाही, आणि काढणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी बंद केलं की ती खालच्या ओल्या थरात उतरतात. भरपूर गांडुळं वर असतील तर खत घाईने काढलेलं किंवा न चाळलेलं असण्याची शक्यता जास्त. मोहरीएवढे-ज्वारीएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर-तपकिरी कोष मधूनमधून दिसले तर चांगलं. खत खरोखर गांडुळांच्या पोटातून गेल्याचा तो पुरावा आहे. बारीक पांढरे किडे किंवा उड्या मारणारे कोलेंबोला यांची भीती नको. जाड, C आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर मात्र माल परत करावा. ती मुळं खाणारी हुमणी असू शकते. कोकणात आणि गोव्यात तर दुप्पट सावध राहावं, कारण नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या आणि कंपोस्टच्या ढिगातच वाढतो.

नाक, मूठ आणि बोटं

पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच वास मुरलेल्या खताला यायला हवा. तो जिओस्मिन या द्रव्याचा असतो आणि ते ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू तयार करतात. नाकाला झोंबणारा वास म्हणजे अमोनिया: नत्र उडून चाललं आहे, खत कच्चं आहे. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे माल हवेशिवाय सडला. आंबूस वास म्हणजे ओला कचरा आंबला, कुजला नाही. अजिबातच वास नसेल आणि माल जड असेल, तर मातीची शंका घ्यावी.

मूठभर खत घट्ट दाबा. बोटांतून पाणी निघालं तर ते विकण्याजोगं नाही. मुठीत गोळा झाला आणि बोटाने टोचताच मोकळा पडला तर ओल योग्य. गोळा होतच नसेल, धूळ उडत असेल, तर ते अती सुकलं आहे. चांगलं गांडूळखत हाताला चहापत्तीसारखं दाणेदार आणि मोकळं लागतं. त्यात शेणाच्या काड्या, पानांच्या शिरा ओळखू येत असतील तर तेवढा भाग गांडुळांनी खाल्लेलाच नाही.

काळ्या मातीची भेसळ ओळखायला सगळ्यात सोपी परीक्षा अशी: चमचाभर खत पाण्याने पुरतं भिजवा आणि तळहातावर घोळवून पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण ३ मिलिमीटर जाडीची वळी करायचा प्रयत्न करा. खताची वळी होत नाही, मोडते. काळी माती मात्र चिकट असल्यामुळे लांब वळी देते आणि वाळल्यावर दगडासारखी कडक होते. हीच वळी दोन तास उन्हात ठेवून चुरून बघितली की संशय उरत नाही.

वजनाचा हिशेब

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये गांडूळखतासाठी ओलावा १५ ते २५ टक्के, निदान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के आणि एकूण नत्र किमान १ टक्का, असे निकष आहेत. बेडवरून नुकतंच उचललेलं खत २५ टक्क्यांपेक्षा ओलं असतं. जिवाणूंच्या दृष्टीने ते वाईट नाही, फक्त भाव त्या हिशेबाने हवा.

२०० ग्रॅम खत ताटात पसरून कडक उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांनी, लागोपाठ दोनदा मोजून वजन तेच भरलं की थांबा. १५० ग्रॅम उरलं तर ओलावा २५ टक्के, १०० उरलं तर ५०. आता भाव पाहा: १० रुपये किलोचं २५ टक्के ओलाव्याचं खत कोरड्या किलोला १३ रुपये ३३ पैशांना पडतं, आणि ८ रुपये किलोचं ५० टक्के ओलाव्याचं १६ रुपयांना. स्वस्त दिसणारं पोतं महाग कसं पडतं ते इथे कळतं.

मातीचा अंदाज घ्यायला याच कोरड्या खतातलं १०० ग्रॅम मोजून लोखंडी तव्यावर, घराबाहेर, मोठ्या आचेवर भाजा. धूर येतो, म्हणून बंद स्वयंपाकघरात हे करू नये. ढवळत राहा. काळेपणा जाऊन राखाडी-तपकिरी रंग आला की थंड करून वजन करा. १८ टक्के सेंद्रिय कर्ब म्हणजे साधारण ३१ टक्के सेंद्रिय पदार्थ (कर्बाला १.७२४ ने गुणायचं), तेव्हा चांगल्या खतात ६९ ग्रॅम किंवा त्याहून कमी उरायला हवं. तव्यावरची आच प्रयोगशाळेच्या भट्टीएवढी नसते, म्हणून दोन-चार ग्रॅमचा फरक सोडून द्या. ८० ग्रॅमच्या वर उरलं तर त्यात माती किंवा वाळू नक्की आहे. बाटलीत पाण्याबरोबर हलवून तळाचा गाळ पाहण्याची पद्धत बरेच जण सांगतात. तिच्यात वाळू लगेच पकडली जाते, पण बारीक माती आणि खताचे स्वतःचे बारीक कण तिथे वेगळे ओळखता येत नाहीत. तव्याची परीक्षा जास्त भरवशाची.

अळिवाची परीक्षा

खत कच्चं आहे की मुरलेलं, याचा सर्वांत खरा साक्षीदार म्हणजे उगवणारं बी. जगभरच्या प्रयोगशाळा यासाठी जे बी वापरतात ते आपल्या किराणा दुकानात मिळणारं अळीव. ते झटपट उगवतं आणि अमोनिया, सेंद्रिय आम्लं, जास्तीचे क्षार यांना पटकन बळी पडतं.

१. १० ग्रॅम खत १०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात (फिल्टरचं चालेल) टाकून चांगलं हलवा, तासभर ठेवा आणि दुहेरी सुती कापडातून गाळा.
२. दोन झाकणाच्या डब्यांत टिश्यू कागद अंथरा. एकात हा अर्क, दुसऱ्यात नुसतं तेच पाणी, कागद भिजेल एवढंच घाला.
३. प्रत्येकात अळिवाचे २० दाणे सुटे सुटे ठेवा. भिजल्यावर ते बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून अंतर हवंच.
४. झाकून अंधारात ठेवा. ४८ तासांनी, थंडीत ७२ तासांनी, उगवलेले दाणे मोजा आणि मुळांची लांबी पट्टीने मोजून सरासरी काढा.
५. दोन्ही डब्यांसाठी 'उगवलेले दाणे गुणिले सरासरी मूळ' हा आकडा काढा. अर्काचा आकडा पाण्याच्या आकड्याने भागून १०० ने गुणा.

समजा अर्कात १७ दाणे उगवले आणि मुळं सरासरी २२ मिलिमीटर, म्हणजे ३७४. पाण्यात १९ दाणे आणि २५ मिलिमीटर, म्हणजे ४७५. निर्देशांक आला ७९. ८० च्या वर असेल तर खत रोपांनाही चालेल. ५० ते ८० च्या दरम्यान असेल तर महिनाभर सावलीत ओलसर ठेवून पुन्हा तपासा. ५० च्या खाली असेल तर ते खत नाही, कुजत चाललेला कचरा आहे. साध्या पाण्यातच १६ पेक्षा कमी दाणे उगवले तर दोष बियाण्याचा. नवीन अळीव आणून पुन्हा करा.

सोबत एक पिशवीची परीक्षाही लावून ठेवा. दोन मुठी खत हलकं ओलं करून झिपच्या पिशवीत बंद करा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. उघडल्यावर मातीचाच वास आला तर खत पक्कं आहे. घाण वास आला किंवा पिशवी फुगली तर नाही. तणासाठी उथळ ट्रेमध्ये इंचभर थर पसरून १५ दिवस ओला ठेवायचा. लव्हाळ्याच्या गाठी, हराळीचे तुकडे आणि गाजरगवत या मुदतीत बहुधा वर येतात. लव्हाळा आला तर ते खत परसात आणूच नये. एकदा शिरला की तो काढणं वर्षांचं काम होतं.

शेण देणाऱ्या जनावरांच्या चाऱ्यात किंवा पाचटात रुंद पानांच्या तणांसाठीच्या तणनाशकाचा अंश राहिला असेल अशी शंका असेल, तर एक भाग खत आणि दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात टोमॅटो आणि चवळी पेरा; शेजारी नुसत्या कोकोपीटमध्येही पेरा. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतलीच नवी पानं वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर टोमॅटो, वेलवर्गीय आणि शेंगवर्गीय पिकांना ते खत देऊ नका.

क्षार आणि अहवाल

पाण्याच्या फिल्टरबरोबर वापरतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर इथे कामाला येतो. २० ग्रॅम खत १०० मिलिलिटर फिल्टरच्या पाण्यात अर्धा तास हलवून गाळा आणि मोजा. पाण्याचं स्वतःचं माप वजा करा. बहुतेक स्वस्त मीटरवर २००० चा आकडा म्हणजे सुमारे ४ डेसिसायमन प्रति मीटर (क्षारता मोजायचं एकक), आणि शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशातली कमाल मर्यादाही तीच आहे. बियाणं-रोपांसाठी आम्ही १००० च्या खालचंच खत निवडा असं सांगू. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर चालवलेल्या बेडांत हा आकडा चढलेला सापडतो आणि त्याची शिक्षा भेंडीपेक्षा घेवडा आणि स्ट्रॉबेरी यांना आधी होते.

टनाने खरेदी करायची असेल तर प्रयोगशाळेचा खर्च टाळू नये. निदान दहा पोत्यांतून, वरून-मधून-खालून मूठ मूठ घेऊन मिसळा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसंच करत अर्धा किलोवर आणा. कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ओलावा, सेंद्रिय कर्ब, एकूण नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), सामू (पीएच) आणि क्षारता मागा. शहरी कचऱ्याचं खत असेल तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेलही मागा. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम आणि निकेल प्रत्येकी ५० ही वरची मर्यादा आहे.

विक्रेत्याने दाखवलेल्या अहवालात तारीख आणि पोत्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का ते आधी पाहा. मग कर्बाला नत्राने भागा. २० च्या खाली आलं तर ठीक. २५-३० च्या वर असेल तर हे खत घातल्यावर जिवाणू जमिनीतलंच नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, पिकाची खालची पानं पिवळी पडतात आणि शेतकरी खताला नावं ठेवत युरिया टाकतो. नुसत्या शेणाच्या गांडूळखताला ३ टक्के नत्र दाखवलं असेल तर खूश होऊ नका. असं खत साधारण १ ते २ टक्क्यांत राहतं. वरचं नत्र कुठून आलं ते विचारा. प्रमाणित सेंद्रिय शेती असेल तर बाहेरचं कोणतंही खत शेतात आणण्यापूर्वी प्रमाणीकरण संस्थेला लेखी विचारलेलं बरं.

मिश्रण आणि साठवण

कुंडीसाठी घमेल्याच्या मापाने चार भाग माती, तीन भाग कुजलेलं कंपोस्ट, दोन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत पुरतं. रोपांच्या ट्रेमध्ये गांडूळखत आकारमानाने १० ते २० टक्क्यांपुढे नेऊ नये. नुसत्या गांडूळखतात पेरलं तर क्षार वाढतात, पाणी साचतं आणि रोपं कोलमडतात. १२ इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत वरच्या दोन इंचांत मिसळून वर पालापाचोळा झाकावा. शेतात भाजीपाल्याला एकरी ५ ते १० टन शेणखत कुळवाच्या शेवटच्या पाळीपूर्वी द्यावं आणि गांडूळखत एकरी दोन टनांपर्यंत सरीत किंवा खड्ड्यात द्यावं. शिंपडून उन्हात ठेवू नये.

खरेदी शक्यतो मृगाच्या गर्दीत करू नका. मे-जूनमध्ये मागणी वाढली की अर्धवट मुरलेला माल बाहेर पडण्याची शक्यता वाढते. मार्चमध्ये घेऊन स्वतःच्या सावलीत ठेवणं सोयीचं. पोती प्लास्टिकमध्ये हवाबंद ठेवू नयेत, विणलेल्या गोणीतच राहू द्यावीत, खाली फळ्या घालाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी ओल पाहून हलकं पाणी शिंपडावं. सहा महिन्यांत वापरून टाकावं. पुरतं सुकलेलं खत पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जातं. ते वापरायचं झालं तर आदल्या दिवशी थोड्या थोड्या पाण्याने तीन-चार वेळा भिजवून, गोणपाटाखाली रात्रभर झाकून ठेवावं.